सरासरीतून गळलेलं घर

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज अजूनही अधूनमधून वर येतो. कोणी चाकरमानी गावाला आला, कोणाचा वाढदिवस असला, की कोणीतरी तो शोधून पुन्हा पाठवतं. ‘शास्त्रशुद्ध पाहणीत सिद्ध झाले आहे की परस्पर विश्वासात आपली वाडी पहिली.’ खाली जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं. पहिली म्हणजे कोणाच्या पुढे, हे त्यात लिहिलेलं नाही, कारण दुसऱ्या कुठल्या वाडीची पाहणी झालीच नव्हती. तो मेसेज मी लिहिला होता आणि तो खोटा आहे. पंच्याहत्तरी उलटली, छातीत स्टेंट बसला. वर जाऊन जाब द्यावा लागेल, त्याआधी खाली खुलासा केलेला बरा. वरच्याचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे, म्हणून जास्तच घाई.

माझी नात, मुलाची मुलगी, मुंबईत समाजशास्त्रात एम.ए. करते. मागच्या थंडीत ती लघुप्रबंधासाठी गावी आली. विषय होता शेजार. वाडीतले लोक एकमेकांवर किती विश्वास ठेवतात, अडीअडचणीला कोण कोणाला हाक मारतं, घराघरांत देवाणघेवाण किती चालते. मी म्हटलं, एवढ्यासाठी गाडीचं रिझर्वेशन कशाला केलंस, मी फोनवर सांगितलं असतं. ती म्हणाली की मी सांगेन ते माझं मत झालं, तिला माहिती हवी आहे. मत आणि माहिती यांत फरक असतो हे मला या वयात पहिल्यांदा कळलं, आणि मुळीच आवडलं नाही.

मुलाखती घ्यायला तिला मदतीचा माणूस हवा होता. मी लगेच तयार झालो. मुंबईत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये जन्मभर कारकुनी केलेली, आकड्यांची भीती मला नव्हती. पण नातीची अट अशी की आधी संख्याशास्त्राची तोंडओळख करून घ्यायची, मगच हातात प्रश्नावली मिळेल. म्हणून रोज सकाळी घरापुढच्या खळ्यात खुर्च्या टाकून आमचा वर्ग भरू लागला. पाटावर सुपाऱ्या वाळत घातलेल्या असायच्या, त्या राखण्याचं कामही त्यातच उरकायचं.

पहिल्या दिवशी सरासरी. घरात माणसं तीन: मी पंच्याहत्तरचा, बायको सत्तरीची, नात बावीसची. मी तोंडी हिशेब करून पंचावन्न-छप्पन्न सांगितलं आणि कौतुकाची वाट पाहत बसलो. नातीने विचारलं, “या वयाचं आपल्या घरात कोण आहे?”

“कोणीच नाही.”

आतून बायकोचा आवाज आला, “आसतो तर बरा झाला आसता. नारळ तरी सोलल्यान आसते.”

मग मध्यक शिकलो. सगळ्यांना वयाप्रमाणे ओळीत उभं करायचं आणि मधला उचलायचा. आमच्या घरात मधली बायको निघाली. तेव्हापासून आमटीत मीठ कमी आहे असं म्हटलं की ती सांगते, मध्यकाला विचारल्याशिवाय घरात कोणी बोलायचं नाही.

सरासरी फसवते कशी, हे नातीने मला सहा आसनी रिक्षांवरून समजावलं. कट्टा या बाजाराच्या गावाहून आमच्याकडे दोन रिक्षा येतात. एक ड्रायव्हर रोज थोडा उशिरा येतो, पण रोज तेवढाच. दुसरा कधी वेळेच्या खूप आधी निघून जातो, कधी खूप मागून येतो. सरासरी काढली तर दुसरा अगदी वेळेवर. पण त्याच्या वेळेवर विसंबून राहिलेला माणूस बाजाराला कधी पोचलेला नाही. आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते मोजायचं म्हणजे प्रमाण विचलन. मी ही व्याख्या त्या दुसऱ्या ड्रायव्हरला ऐकवली. त्याला वाटलं मी त्याची तारीफ करतोय. त्याने मला पुढच्या सीटवर बसवलं.

सहसंबंध मला सगळ्यात आवडला. गणपतीत चाकरमानी आले की वाडीत मोदक वाढतात आणि भांडणंही वाढतात. दोन्ही एकदम वाढतात म्हणून मोदकांमुळे भांडणं होतात असं म्हणता येत नाही, असं नात म्हणाली. मी म्हटलं, आमच्या भावकीत एकदा झालंय. तिने एका उदाहरणाला काही किंमत नसते असं सांगून मला गप्प केलं.

आणि मग नमुना निवडणं. इथेच सगळं बिघडलं.

वाडीतल्या सगळ्या घरांत जायला वेळ नव्हता, निम्मी घरं पुरे होती. पण ती आपल्या मनाने निवडायची नाहीत. प्रत्येक घराला निवडलं जायची सारखी संधी हवी. नातीने विचारलं, “मासेवालीच्या पाटीतले बांगडे तुम्ही कसे बघता?” मी म्हटलं, वरचे बाजूला सारून तळात हात घालतो, कारण वर ती ताजेच मांडते. “बस,” ती म्हणाली, “एवढंच आहे.” तिच्या गाइड बाई या बाबतीत कडक होत्या. मागच्या वर्षी एका मुलाने ओळखीपाळखीची घरं धरून पाहणी केली, तर त्याचा प्रबंध परत केला आणि त्याचं वर्ष गेलं. नातीचं वर्ष त्या निवडीवर होतं, हे तिने मला पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

निवडीची बातमी फुटली तशी वाडीत कुजबुज सुरू झाली. ‘आमचा घर कित्याक नाय?’ असा प्रश्न पुढची दहा वर्षं ऐकायची कोणाची तयारी नव्हती. शेवटी मानकऱ्यांनी तोडगा काढला की चिठ्ठ्या देवळात काढायच्या. देवासमोर निघालेल्या चिठ्ठीवर कोण हरकत घेणार? नातीने फोनवर बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, देवळात काढा नाहीतर समुद्रात, कागद एका मापाचे हवेत, घडी सारखी हवी आणि नीट ढवळा.

संध्याकाळी देवळात आम्ही पुरुषमाणसं जमलो, आणि नात. परडीत चिठ्ठ्या. मानकऱ्यांनी देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, आज आमच्या ह्या चेडवान सर्वेचा जा काय काम हातात घेतल्यान हा, ता तडीक ने रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही सगळे.

“ह्यात कोण खोटेपणा करीत आसात, तर तेका बरी बुद्धी दी, आणि वाटेर हाड रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” यातला सर्वांत मोठा आवाज माझा होता, हे नोंदवून ठेवतो.

चिठ्ठ्या नात काढणार आणि नावं मी वाचणार असं ठरलं होतं. मुंबईत राहिलेला म्हणून माझं वाचन शुद्ध, असा वाडीत समज आहे. चार-पाच नावं सुरळीत गेली. मग जी चिठ्ठी हातात आली, तिच्यावर माझ्या चुलतभावाच्या घराचं नाव होतं.

इथे थोडं मागे जावं लागेल. चुलतभाऊ आणि मी शेजारी शेजारी. मध्ये चिऱ्याचा गडगा, म्हणजे रचीव कुंपण. एका पावसात तो कोसळला आणि भावाने पुन्हा रचताना हातभर आमच्या बाजूला सरकवला, असं माझं म्हणणं. हद्दीवरचा फणस त्या हातभर जागेत गेला. भावाचं म्हणणं वेगळं होतं. मी खळ्यात उभा राहून त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं काही त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या वहिनींना, उद्देशून होतं. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. भाऊ गेला तेव्हा मी स्मशानात गेलो, भावकीचं म्हणून लाकूडही ठेवलं, आणि वहिनींना भेटावं लागू नये म्हणून शेताच्या वाटेने घरी आलो. वहिनी आता एकट्या राहतात. मुलगा मुंबईला. गडग्यावरून त्यांच्या अंगणातला दिवा दिसतो.

तर ती चिठ्ठी. आमच्या घराजवळच्या मुलाखती मी घ्यायच्या असं ठरलेलं होतं. म्हणजे मला वहिनींच्या पडवीत जाऊन बसावं लागलं असतं, आणि विचारावं लागलं असतं की शेजाऱ्यांवर तुमचा किती विश्वास आहे. शेजारी मी. मी चिठ्ठीकडे पाहिलं, देवाकडे अजिबात पाहिलं नाही, आणि माझा मित्र जो चहाचं दुकान चालवतो त्याचं नाव मोठ्याने वाचलं.

चिठ्ठी हातात राहिली. तिचं काय करायचं? मी पानाची चंची काढली, पान लावलं, आणि चिठ्ठी चुन्या-सुपारीबरोबर आत सारून तोंडात टाकलं. कागद पातळ होता.

संभाव्यता म्हणजे काय, हे मला खऱ्या अर्थाने त्यानंतरच्या दहा मिनिटांत समजलं. चहावाल्याची खरी चिठ्ठी अजून परडीत होती. ती निघाली तर एकच घर दोनदा येणार. परडीतल्या चिठ्ठ्या कमी होत होत्या आणि प्रत्येक चिठ्ठीगणिक ती निघण्याची शक्यता वाढत होती. खळ्यात मला हे गणित सुटलं नव्हतं, देवळात आपोआप सुटलं. आणि ती निघालीच, काढायच्यांपैकी शेवटून दुसरी. मी पुन्हा चंची काढली. या वेळी नाव वाचलं ते आमच्या निवृत्त गुरुजींचं, कारण ते उभ्या आयुष्यात कोणाबद्दल वाईट बोललेले नाहीत. मानकरी म्हणाले, आज पान बरंच चाललंय. मी मान हलवली. बोलता येण्यासारखं तोंड नव्हतं.

असं वहिनींचं घर गेलं आणि गुरुजींचं आलं.

मुलाखतींचे दिवस मजेत गेले. एक ते पाच अशी पट्टी होती: अजिबात विश्वास नाही म्हणजे एक, पूर्ण विश्वास म्हणजे पाच. नातीने बजावलं होतं की उत्तर सुचवायचं नाही. पण आमचे लोक आकडा सांगण्याआधी अटी घालतात, आणि शेवटी वाडीच्या अब्रूखातर चार नाहीतर पाच सांगतात. एकाने विचारलं, निवडणुकीच्या आधी की मगे? दुसऱ्याने विचारलं, शेजाऱ्याचो बापूस जिवंत आसताना की आता? चहावाल्या मित्राने माझ्यापुढे ग्लास ठेवला आणि म्हणाला, “तुका काय व्हया ता लिव रे, माका गिऱ्हायकां आसत.” मी पाच लिहिले. गुरुजींनी स्वतःहून पाच दिले आणि सहा का नाहीत म्हणून खंत व्यक्त केली.

सगळं संगणकात भरल्यावर सरासरी पाचाच्या अगदी जवळ आली. नात म्हणाली, हे कच्चं आहे, कोणाला सांगू नका. त्याच दुपारी जेवण झाल्यावर मी तो मेसेज ग्रुपवर टाकला. पान आणि फोन, दोन्ही माझ्या हातून काढून घ्यायला हवेत असं बायको म्हणते. संध्याकाळपर्यंत सरपंचांनी ‘अभिमान’ असं लिहून पुढे पाठवलं होतं.

नात मात्र पडवीत लॅपटॉपपुढे गाल फुगवून बसलेली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली की आकडे विखुरतच नाहीत, सगळे वरच्या टोकाला गोळा झालेत. “आजोबा, या वाडीत कोणी कोणाशी भांडत नाही का?”

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. बायको इतकी हसली की तिला उचकी लागली. पाणी पिऊन ती दारात आली, पदराला हात पुसले आणि नातीला म्हणाली, “तेंका इचार, गडग्यापलीकडे गेल्ले काय म्हणान.”

नातीने माझ्याकडे पाहिलं. मी सुपाऱ्या उलथ्या करायला घेतल्या. त्या आधीच उलथ्या केलेल्या होत्या.

मग सगळं सांगावं लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “दोन चिठ्ठ्या खाल्ल्या?”

“पानातून.”

“शाईच्या होत्या, आजोबा.”

मी म्हटलं, पेनाची शाई होती, काही झालं नाही. तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला. मग म्हणाली की येत्या सोमवारी बाईंना आकडे पाठवायचे आहेत. हे असेच पाठवले तर खोटं तिच्या नावावर जाणार. खरं सांगितलं तर बाई सगळंच रद्द करू शकतात. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण ती माझ्याशी बोलताना लॅपटॉपकडे बघत होती. मला आठवलं की मीही कित्येक वर्षं असाच गडग्याकडे बघून बोलतो आहे. एका घराची चिठ्ठी गिळली तर काय होतं, हे मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा त्या बघण्यातून जास्त समजलं. मी पाटीतले वरचे बांगडे निवडले होते, आणि वर देवासमोर गाऱ्हाण्यात होकार भरला होता. नातीच्या शास्त्राचा आणि देवाचा अपराध एकच, तो एकाच पानात केला.

तिने बाईंना फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं, पानासकट. पलीकडे बाईंना खोकल्याची उबळ आली. नातीचं नंतरचं मत असं की त्या हसू दाबत होत्या, माझं मत वेगळं आहे. शेवटी त्यांनी सांगितलं: गळलेल्या घराची मुलाखत सोमवारच्या आत घ्या, घुसवलेलं घर काढा, आणि घडलेला प्रकार प्रबंधात मान्य करा. ते घर मिळालं नाही तर पुन्हा बोलू. ‘पुन्हा बोलू’ म्हणजे काय, हे नातीला आणि मला दोघांनाही कळलं.

नात उठली. मी जाते म्हणाली. बायकोने तिला बसवलं. “तू नको. जेना चिठ्ठी खाल्ली, तोच जायत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा सदरा घातला, प्रश्नावली घेतली आणि निघालो. गडगा ओलांडून गेलो असतो तर चार पावलं होती, पण तसं जाण्याचा हक्क मी गमावलेला. रस्त्याने वळसा घालून बेड्यातून, म्हणजे पुढच्या फाटकातून, आत शिरलो. वहिनी खळ्यात आमसुलं वाळत घालत होत्या. थंडीत कसली आमसुलं, असं वाटेल, पण गेल्या साली केलेल्या आमसुलांना त्या पुन्हा ऊन दाखवत होत्या. ऐंशीला आलेल्या, पाठ वाकलेली, नजर तीच. मला पाहून त्या चकित वगैरे झाल्या नाहीत. हात झटकून विचारलं,

“खंयसून इलात तुमी?”

जसं काही मी परगावचा पाहुणा. मी म्हटलं, “गडग्यापलीकडसून.”

“लांब आसा,” त्या म्हणाल्या. “दमलास आसताल. बसा.”

त्यांनी पडवीतल्या पायरीकडे बोट दाखवलं. खुर्ची होती, ती त्यांनी दिली नाही. मी पायरीवर बसलो आणि पाहणीबद्दल नातीने पाठ करून घेतलेलं बोलू लागलो की ही माहिती गुप्त राहील, भाग घेणं ऐच्छिक आहे, कधीही थांबता येईल. वहिनी मध्येच म्हणाल्या, “देवळात वाडीतली निम्मी घरां काढलास आणि माझा नाव नाय? देव माका इसारता, ता माका ठावक आसा. पण इतक्यान नाय इसारणा.”

मी मान खाली घालून खरं सांगितलं. चिठ्ठी निघाली होती, मी वाचली नाही.

“मगे चिठ्ठी खंय गेली?”

“खाल्ली.”

वहिनींनी एक आमसूल उचललं, वास घेतला, परत ठेवलं. “कशी लागली?” त्यांनी विचारलं.

मग त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. पहिला प्रश्न होता घरातल्या मुख्य व्यक्तीचं नाव. त्या म्हणाल्या, माझा लिवा, दुसरो कोण आसा हय. आणि माझं पेन थांबलं, कारण मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. नवी नवरी म्हणून या घरात आल्या तेव्हापासून त्या माझ्यासाठी वहिनी होत्या, आणि भांडणानंतर ‘ती’. मी विचारलं. त्यांनी सांगितलं, हळू, जसं लहान मुलाला श्रुतलेखन घालतात तसं. मी लिहिलं.

मग तो प्रश्न. शेजाऱ्यांवर तुमचा किती विश्वास आहे.

“शून्य.”

मी समजावलं की पट्टी एकपासून आहे, शून्य नाही.

“शून्य नाय तर कित्याक इचारतास? ज्याका शून्य आसा तेना काय सांगायचा?”

मी म्हटलं की सगळ्यात कमी एक आहे. वहिनींनी विचार केला. “येक लिवा. पण बाजूक लिवा, की पट्टी कमी पडली.” मी एक लिहिला. बाजूला पट्टीबद्दलही लिहिलं. त्यांनी कागद पुढे घेऊन डोळे बारीक करून तपासलं, मी दोनचा आकडा तर काढला नाही ना.

पुढचा प्रश्न: शेजारच्या घराशी वस्तूंची देवाणघेवाण किती वेळा होते. कधीच नाही, क्वचित, महिन्यातून, आठवड्यातून, रोज. मी ‘कधीच नाही’वर पेन टेकवूनच ठेवलं होतं.

“रोज,” वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं त्या पलीकडच्या बाजूच्या घराबद्दल बोलताहेत. मी स्पष्ट केलं की सगळ्यात जवळचं घर.

“ताच सांगतंय. रोज. माझ्या जावेवांगडा.”

त्यांची जाऊ म्हणजे माझी बायको. मी पेन उचललं. वहिनी आता रंगात आल्या होत्या. गडग्यात एक चिरा निसटलेला आहे, मी तो कधी पाहिला नाही कारण तो माडाच्या आड आहे. तिथून रोज दुपारी, मी झोपलो की, दोघींची देवाणघेवाण चालते. कोकमाचं आगळ, तिरफळं, विरजण, वाटीभर आमटी. आमच्या घरची बातमी तिकडे, तिकडची इकडे. फणस पिकला की अर्धे गरे आमच्याकडे. मी ते गरे बाजारातले समजून खात आलोय आणि हद्दीवरच्या फणसाला शिव्या घालत आलोय.

“गेल्या आयतवारी बांगड्याचा तिखला दोनदा मागून खाल्लास,” त्या म्हणाल्या. “ता खंयचा?”

त्या तिखल्यावर मी बायकोला म्हटलं होतं की पन्नास वर्षांनी अखेर तुझा हात बसला. ती तेव्हा पाठ करून भांडी विसळायला लागली होती. का, ते आता समजलं.

मी ‘रोज’वर खूण केली. एकाच घरात विश्वास एक आणि देवाणघेवाण रोज. माझ्या अल्प ज्ञानाप्रमाणे हे दोन आकडे एकत्र चालायला हवे होते.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. सोमवारच्या आत आकडे गेले. बाईंनी प्रबंध स्वीकारला. वहिनींचे दोन आकडे बघून नात अर्धा दिवस खळ्यात येरझाऱ्या घालत होती. मग तिने सगळे कागद पुन्हा काढले आणि बघितलं की विश्वासाचा प्रश्न बहुतेक घरांत पुरुषांनी पडवीत बसून सोडवला होता, आणि देवाणघेवाणीचा प्रश्न आला की त्यांनी आत हाक मारून बायकांना विचारलं होतं. दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगळी माणसं देत होती आणि आम्ही ती एका घराची म्हणून जोडत होतो. तिने त्यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं. सरासरी उतरली. गुरुजींचं घर काढल्यावर गुरुजी रागावले. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाबद्दल तरी वाईट बोलले, माझ्याबद्दल, आणि लोक सांगतात की चांगलं बोलले. प्रबंधाच्या शेवटी ‘मर्यादा’ नावाचा भाग असतो. त्यात एक वाक्य आहे की एका ज्येष्ठ सर्वेक्षकाने निवडीत हस्तक्षेप केला, तो नंतर दुरुस्त करण्यात आला. समाजशास्त्रात माझा उल्लेख एवढाच. नात आता माझ्याकडे बघून बोलते. पुढच्या कामासाठी मला घेणार नाही, असंही तिने बघूनच सांगितलं.

पण त्या सकाळचा शेवट मी तिलाही सांगितलेला नाही. मुलाखत संपली, मी कागद गोळा केले, उठू लागलो. वहिनी म्हणाल्या, “बसा. आता मी इचारतंय.”

मी म्हटलं की नियमात तसं नाही. त्यांनी ऐकलं नाही. तांब्या बाजूला सारला आणि माझ्यासमोर पायरीवरच बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून.

“तुमच्या भावाच्या मयताक तुमी शेतातल्या वाटेन घराक गेलात. मी दारात उभी होतंय. दिसलास माका.”

आमसुलांवर एक माशी बसली, ती त्यांनी हाताने उडवली.

“आता सांगा. माझ्यार तुमचो विश्वास किती? येक ते पाच.”

नातीने मला शिकवलं होतं की अडचणीत सापडलेला माणूस मधला आकडा निवडतो, कारण त्यात काहीच कबूल करावं लागत नाही. अशा उत्तरांना फार महत्त्व देऊ नये. हे सगळं मला माहीत होतं. मी म्हटलं, “तीन.”

वहिनींनी माझ्याकडे नीट बघितलं. मग गुडघ्यावर हात रोवून उठल्या आणि आमसुलांकडे वळल्या.

“जास्त झालो,” त्या म्हणाल्या. “दोन लिवा. बाकीचो मगे बघू. जाताना गडग्यावरसून जावा, वळसो कित्याक घालतास.”

मी खिशातून पेन काढलं. पण आमचं घर पाहणीत नव्हतं. सर्वेक्षकाचं घर नमुन्यात घेत नाहीत, त्यामुळे त्या उत्तरासाठी कुठे रकाना नव्हता. ते कुठेच लिहिलं गेलं नाही. ग्रुपवरचा तो मेसेज ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी हे वाचावं. वाडीचं मला ठाऊक नाही. आमचा आकडा दोन आहे.